हरियाल बघायचा असेल तर आधी झाड शोधा

एप्रिल महिना, सकाळचे साडेसहा. नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या एका गावाच्या शिवारात एक जुना वड आहे. त्याच्याखाली मी मान वर करून पंधरा मिनिटं उभा होतो आणि मला एकही पक्षी दिसला नव्हता. बरोबर आलेले वनरक्षक काका शांतपणे म्हणाले, "वर नका बघू, खाली बघा." खाली पाचोळ्यावर वडाची लाल फळं पडलेली होती. काही सुकलेली होती आणि काही इतकी ताजी की देठाशी अजून चीक होता. तेवढ्यात माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर टप्पकन एक फळ पडलं. वारा नव्हता. वडाची पानं जाड, जड. ती उगाच हलत नाहीत. फळ जिथून सुटलं होतं त्या डहाळीवर नजर नेली तर एक पान खाली झुकलं, पुन्हा वर आलं, आणि त्या पानामागून पिवळेजर्द पाय दिसले. मग दुसरे पाय, मग तिसरे. एक दिसला की बाकीचे दिसायला लागतात. अकरा मोजले आणि तेवढ्यात कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. फडफड करत थवा उठला तेव्हा कळलं की अकरा नव्हते, तीसच्या वर होते. एवढा वेळ सगळे माझ्या डोक्यावर बसलेले होते.

हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव सगळे वाचतात, पण प्रत्यक्ष पाहिलेला माणूस फार कमी भेटतो. तो दुर्मिळ आहे म्हणून असं होतं, असं नाही. पुण्या-मुंबईच्या जुन्या झाडांवरसुद्धा तो येतो. आपण पक्षी शोधत फिरतो आणि तो झाडात विरघळून बसलेला असतो, एवढंच. म्हणून या लेखात मी सांगणार आहे ती रीत उलटी आहे. आधी झाड शोधायचं, मग त्याच्याखाली थांबायचं, आणि पक्षी त्यानंतर.

नाव आणि गाव

मराठीत याला हरियाल म्हणतात, काही पुस्तकांत पिवळ्या पायांची हरोळी असं लिहिलेलं आढळतं, आणि बोलताना बरेच जण नुसतं हिरवा पारवा म्हणतात. इंग्रजीत यलो-फूटेड ग्रीन पिजन. शास्त्रीय नाव ट्रेरॉन फीनिकॉप्टेरस. कुळ पारव्या-होल्यांचंच, म्हणजे खिडकीच्या छज्जावर घुमणाऱ्या पारव्याचा हा रानातला भाऊबंद.

याचा पसारा मोठा आहे. भारतीय उपखंड, म्यानमार, थायलंड ते थेट व्हिएतनामपर्यंत. पण त्याचं खरं घर म्हणजे पानगळीची जंगलं: साग, ऐन, मोह, तेंदू आणि त्यांच्यामध्ये विखुरलेले वड-पिंपळ-उंबर. विदर्भातला पक्षीनिरीक्षक या बाबतीत भाग्यवान. ताडोबा, पेंच, नागझिरा, मेळघाट, कुठेही पहाटे फाटकाबाहेरच्या झाडांवर हा दिसू शकतो. मुंबईकरांसाठी बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातली जुनी झाडं आहेत. गावोगावच्या देवराया, जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा लावलेले वड, नदीकाठचे उंबर, हे सगळं त्याला चालतं. दाट जंगल त्याला लागतंच असं नाही. फळणारी मोठी झाडं मात्र लागतातच.

रूप: काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने

आकाराने हरियाल आपल्या नेहमीच्या पारव्याएवढा, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ३३ सेंटीमीटर. अंगाने गुबगुबीत, मान आखूड, डोकं लहान.

पुस्तकातलं चित्र बघून लोक हिरव्या पक्ष्याची अपेक्षा धरून जातात आणि फसतात, कारण पानांच्या सावलीत त्याचा हिरवा रंग दिसतच नाही. म्हणून मी नवख्यांना सांगतो, खालून वर बघा. आधी पाय. झाडाखाली उभं राहिल्यावर आपल्याला पक्ष्याचं पोट आणि पाय दिसतात, आणि हरियालाचे पाय हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे असतात. आपल्याकडच्या बाकी हिरव्या हरोळ्यांचे पाय लालसर, गुलाबी. एवढ्या एका खुणेवर निम्मं काम होतं. मग पोट. दख्खनेतल्या आपल्या पक्ष्यांचं पोट पिवळट हिरवं असतं, उत्तर भारतातल्या पक्ष्यांचं राखाडी. त्यानंतर शेपटीची खालची बाजू: तिथे गडद तांबूस-तपकिरी पिसं असतात आणि त्यांच्या कडा पांढरट, त्यामुळे खवल्यांसारखी नक्षी दिसते.

पक्षी बाजूने दिसला तर आणखी बहार. माथा आणि मानेचा मागचा भाग राखी, गळा-छातीवर पिवळ्या झाकेचा हिरवा रंग, पाठ मेंदीसारखी. खांद्यावर जांभळट रंगाचा एक छोटा डाग असतो, नराचा ठळक, मादीचा फिका. नर-मादी ओळखायची एवढीच काय ती खूण. बाकी दोघं जवळजवळ सारखेच. पंखाच्या काळसर पिसांवरून एक पिवळी पट्टी जाते. ती उडतानाही दिसते, आणि उडतानाच शेपटीचा मुळाकडचा हिरवट-पिवळा भाग नि टोकाकडचा राखी भाग वेगवेगळे उठून दिसतात.

आणि डोळा. दुर्बिणीतून एकदा तरी त्याचा डोळा नीट बघा. आत निळं कडं, त्याच्या बाहेर गुलाबी कडं. मी कितीतरी वर्षं हरियाल बघत होतो आणि डोळ्याकडे लक्षच गेलं नव्हतं. एकदा जानेवारीच्या उन्हात एक नर खालच्या फांदीवर शांत बसला, तेव्हा ते दोन रंगांचं कडं दिसलं. त्या दिवशी दुसरा कोणताही पक्षी बघायची इच्छा राहिली नाही.

ज्यांच्याशी गल्लत होते ते

पहिली गल्लत पोपटाशी. दोघंही हिरवे, दोघंही फळांवर येतात. पण पोपट गप्प बसत नाही, आणि त्याची शेपटी लांब, टोकदार. दुसरी गल्लत तांबट आणि कुरटुक्याशी. त्यांच्या चोची जाड असतात, चोचीच्या मुळाशी राठ केस असतात आणि आकार पारव्याहून लहान. पंख आपटत उडणारा गुबगुबीत पक्षी दिसला की तो हरोळ्यांपैकी धरावा.

खरी परीक्षा सह्याद्रीत. कोकण, गोवा आणि घाटमाथ्याच्या सदाहरित रानात राखी कपाळाची हरोळी राहते. ही फक्त पश्चिम घाटात सापडणारी जात आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. हरियालापेक्षा बरीच लहान, पाय लालसर, आणि नराच्या पाठीवर मरून रंगाची शालच पांघरल्यासारखी दिसते. मादीच्या पाठीवर ती नसते, त्यामुळे एकटी मादी दिसली तर पायांचा रंग पक्का करून घ्या. गोव्यातलं बोंडला किंवा म्हादई, आपल्याकडे आंबोली, राधानगरी, कोयना या भागांत ही बघायला मिळते. नारिंगी छातीची हरोळी म्हणून आणखी एक आहे. तिच्या नराच्या छातीवर आधी जांभळट आणि खाली नारिंगी पट्टा असतो. ती आपल्याकडे क्वचित.

याच रानात दोन नातलग भेटतात, त्यांची ओळख करून ठेवा. एक पाचू कवडा. तो झाडावर नाही, जमिनीवर असतो. रानातल्या पायवाटेवर सकाळी-संध्याकाळी पडलेली फळं, बिया टिपत चालतो. पंख पाचूसारखे हिरवे, चोच लालभडक. पाऊल वाजलं की जमिनीलगत, झाडांच्या मधून, बाणासारखा निघून जातो आणि त्या क्षणी पाठीच्या खालच्या भागावर आडवे पांढरट-काळे पट्टे चमकतात. दुसरा म्हणजे मोठा राखी रंगाचा इम्पीरिअल पिजन, डोंगरी सदाहरित रानातला. पारव्यापेक्षा कितीतरी मोठा, उंच झाडाच्या शेंड्यावरून खोल घुमणारा आवाज काढतो. तो दिसण्याआधी ऐकू येतो.

झाड कसं शोधायचं

आता मुख्य काम. हरियाल जवळजवळ पूर्णपणे फळांवर जगतो आणि त्याचं आवडतं खाणं म्हणजे वडाच्या कुळातली फळं: वड, पिंपळ, उंबर, पायर, नांदरुक. जोडीला जांभूळ, बोर आणि इतर रानफळं. तेव्हा ज्या परिसरात पक्षी बघायचा तिथली या जातींची मोठी झाडं आधी पायी फिरून हेरायची. दोन-तीन किलोमीटरच्या टापूत दहा-बारा झाडं सापडली तर वर्षभराचं काम झालं.

ही झाडं एकाच वेळी फळत नाहीत, आणि इथेच लोक कंटाळून सोडून देतात. आंब्याचा हंगाम असतो तसा वडाच्या कुळाचा सरळ हंगाम नसतो. कारण असं: वडाचं फळ म्हणजे आतून फुलं असलेली एक बंद पिशवी. त्या फुलांचं परागीभवन एक अगदी बारीक गांधीलमाशीसारखा किडा करतो, आणि वडाच्या कुळातल्या बहुतेक जातींचा किडा स्वतंत्र. तो किडा एका झाडाच्या फळातून बाहेर पडतो तेव्हा त्याला जवळपास त्याच जातीचं, पण वेगळ्या टप्प्यावर असलेलं झाड मिळावं लागतं, नाहीतर तो एक-दोन दिवसांत मरतो. म्हणून एका झाडावरची सगळी फळं साधारण एकदम पिकतात, पण शेजारचं झाड महिनाभर पुढे-मागे असतं. याचा आपल्याला फायदा असा की टापूत पुरेशी झाडं असली तर वर्षातल्या जवळजवळ कुठल्याही महिन्यात एखादं तरी पिकलेलं मिळतं. तोटा असा की गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जिथे थवा पाहिला तिथे या एप्रिलमध्ये शुकशुकाट असू शकतो.

त्यासाठी एक साधी वही ठेवा. प्रत्येक झाडाला नाव द्या, आकडा नको, नाव लक्षात राहतं: मारुतीचा वड, पाणवठ्याचा उंबर, शाळेमागची पायर. दर आठवड्याला चालता चालता प्रत्येक झाडाखाली उभं राहून फळांची अवस्था एका शब्दात लिहा: नाही, कच्ची, रंग धरतेय, पिकली, संपली. वडाचं फळ पिकून लाल होतं, पिंपळाचं जांभळट काळं, उंबराचं केशरी-लाल. "रंग धरतेय" असं लिहिलं की पुढच्या काही दिवसांत पहाटे तिथे जायचं. फळ संपायला वेळ लागत नाही. एक मोठा वडही पोपट, साळुंक्या, कोकीळ, तांबट, हरियाल आणि रात्री वटवाघळं मिळून बघता बघता रिकामा करतात. लांबलेली एक सुट्टीही महागात पडते.

उंबर त्यातल्या त्यात सोपा. त्याची फळं खोडाला आणि जाड फांद्यांना घोसांनी लागतात, त्यामुळे लांबूनच कळतं. पिंपळ सगळ्यात अवघड, कारण त्याची पानं वारा नसतानाही सळसळत राहतात आणि पानांच्या हालचालीवरून पक्षी शोधायची युक्ती तिथे चालत नाही. पिंपळाखाली पानं सोडून फांद्यांकडे बघा. बारीक डहाळी वजनाने वाकते आणि झटक्याने सरळ होते, ती पक्ष्याची खूण.

वही लिहायला वेळ नसेल तर निदान जमीन वाचायला शिका. झाडाखाली ताजी फळं, बियांनी भरलेली ओली विष्ठा, पडलेलं एखादं हिरवट-राखी पीस. जमीन कोरडी आणि स्वच्छ असेल तर पुढच्या झाडाकडे चला.

वेळ

पहाट. याला पर्याय नाही. थंडीत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हरियालांचे थवे सूर्य उगवल्यावर उंच, बोडक्या झाडांच्या शेंड्यांवर ऊन खात बसतात. सावरीची पानं झडलेली असतात, सागाची झडू लागतात, अशा वेळी लांबून साध्या डोळ्यांनीही ओळीने बसलेले गोळे दिसतात. सगळ्यांची तोंडं बहुधा उन्हाकडे. हा अर्धा-पाऊण तास म्हणजे नवख्या माणसासाठी वर्षातली सर्वांत सोपी संधी. ऊन चढलं की ते फळांच्या झाडात शिरतात आणि दिसेनासे होतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मुलांना घेऊन जायचं असेल तर तेव्हापासून सुरुवात करा.

दुपारी बहुतेक विश्रांती. संध्याकाळी चारनंतर पुन्हा खाणं सुरू होतं, पण सकाळइतकी मजा नाही. पावसाळ्यात पानं दाट, प्रकाश कमी, मान दुखते. मी त्या दिवसांत झाडांची वही नेटकी करतो.

झाडाखाली थांबायची रीत

खोडाला चिकटून उभं राहू नका. वरचं काही दिसत नाही आणि विष्ठाही अंगावर येते. पानांच्या छत्रीच्या कडेपासून दहा-पंधरा पावलं लांब, सूर्य पाठीशी घेऊन बसा. बसा म्हणजे खरंच बसा, खाली मांडी घालून. हरियालाला धोका वाटला की तो लगेच उडत नाही; आहे तिथे थिजतो. सगळा थवा पुतळा होतो. त्यामुळे तुम्ही आलात तेव्हा झाड रिकामं वाटतं ते खरं रिकामं नसतं. दहा मिनिटं हालचाल केली नाही की आधी एखादी डहाळी हलते, मग फळ पडतं, मग सगळं झाड जागं होतं.

मग दुर्बीण. आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलीमीटर भिंगाची, म्हणजे दुकानात आठ बाय बेचाळीस म्हणून मागतात ती, पुरेशी आहे. दहा पटीची घेतली तर हात थरथरतो आणि मान वर करून बघताना तो थरथर फार जाणवतो. आधी डोळ्यांनी हालचाल पकडा, नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपुढे आणा. दुर्बिणीतून झाड विंचरत बसू नका.

एकदा का ते खायला लागले की त्यांच्या कसरती बघण्यासारख्या. एवढा गुबगुबीत पक्षी, पण टोकाच्या डहाळीवरचं फळ हवं असेल तर सरळ उलटा लटकतो, पायांनी डहाळी घट्ट धरून, पंख थोडे उघडून तोल सावरत, मान लांब करून फळ तोडतो आणि अख्खं गिळतो. चोचीपेक्षा मोठं वाटणारं फळ गळ्यातून खाली जाताना दिसतं. पोपट जसं फळ पायात धरून कुरतडतो तसं हा कधीच करत नाही.

आवाज

पारव्याच्या घुमण्याची वाट बघाल तर निराश व्हाल. हरियाल घुमत नाही, शीळ घालतो. एखादा माणूस स्वतःशीच, सूर वर-खाली करत, हळू शीळ घालत चालला आहे असं वाटतं. रानात पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी मागे वळून कोण आलं ते पाहिलं होतं. ही शीळ कानात बसली की झाडाजवळ जायच्या आधीच पक्षी आहे की नाही ते कळतं. उडतानाचा पंखांचा फटफट आवाज ही दुसरी खूण.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा मोह होतो. करू नका, विशेषतः उन्हाळ्यात. तो विणीचा काळ आहे.

वीण

मुख्यतः मार्च ते जून. घरटं अगदी साधं: काड्यांची विरळ चौकट, इतकी विरळ की खालून बघितलं तर कधीकधी अंडी दिसतात. त्यात दोन पांढरी अंडी. नर-मादी दोघंही कामात असतात. पिल्लांना सुरुवातीला दाणे किंवा फळं नाहीत, तर आई-बाप दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा घट्ट पदार्थ भरवला जातो. पारव्यांच्या सगळ्या कुळाची ही खासियत आहे.

घरटं सापडलं तर लांबून एकदा बघा आणि तिथून निघा. फोटोसाठी पानं बाजूला करणं, फांदी वाकवणं म्हणजे कावळ्याला आणि शिक्र्याला वाट दाखवणं. त्या झाडाची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

बियांबद्दल एक दुरुस्ती

हरियाल वड-पिंपळाच्या बिया पसरवतो, असं सर्रास लिहिलं जातं. मीही पूर्वी शाळांमधल्या मुलांना असंच सांगायचो. हे बरोबर नाही. हिरव्या हरोळ्यांच्या पोटात स्नायूंची एक जाड पिशवी असते, पेषणी म्हणतात तिला. ती बारीक खड्यांच्या मदतीने बिया जात्यासारख्या दळते, त्यामुळे बहुतेक बिया पचून जातात. बिया शाबूत टाकणारे म्हणजे धनेश, तांबट, कोकीळ, बुलबुल, वटवाघळं. त्याच पारव्याच्या कुळातला इम्पीरिअल पिजन मात्र बिया न दळता टाकतो, म्हणून सदाहरित रानात तो खरा माळी आहे. हरियालाची किंमत यामुळे तसूभर कमी होत नाही. प्रत्येक पक्ष्याने आपल्या उपयोगाचंच असावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

जमिनीला पाय न लावणारा पक्षी

उत्तर आणि मध्य भारतात जुनी समजूत आहे की हरियाल जमिनीवर पाय ठेवत नाही. पाण्याला उतरलाच तर पायात काडी धरून उतरतो. समजूत कुठून आली ते त्याच्याकडे पाहिलं की कळतं: सगळं आयुष्य झाडावर, खाणं झाडावर, घरटं झाडावर, आणि रंगही पानांचा. पण तो पाण्याला खाली येतो. उन्हाळ्यात जंगलातल्या पाणवठ्यावर, सकाळी ऊन तापायच्या आधी, आडोशाला बसून राहिलात तर दिसेल. थवा आधी बाजूच्या झाडावर थांबतो, बराच वेळ अंदाज घेतो, मग दोघे-तिघे झेप घेऊन काठावर उतरतात. इतर जातींचे बहुतेक पक्षी घोट घेऊन मान वर करतात; हा चोच पाण्यात बुडवून सलग ओढतो, जनावरासारखा. काही सेकंदांत काम उरकून पुन्हा झाडावर. काडी मात्र मी कधी पाहिलेली नाही.

फोटो आणि नोंद

आकाशाकडे तोंड करून फोटो काढला की पक्षी काळा पडतो. कॅमेऱ्यात उजेडाची पातळी एखाद्या टप्प्याने वाढवा, आकाश पांढरं झालं तरी चालेल, रंग दिसले पाहिजेत. पण पहिल्या दहा भेटी कॅमेऱ्याशिवाय करा असा माझा आग्रह आहे. नोंदीत तारीख, वेळ, झाडाची जात, फळांची अवस्था, पक्ष्यांची संख्या आणि शेजारी कोण कोण खात होतं एवढं लिहा. हेच ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंत तर इतरांच्याही उपयोगी पडेल. फक्त झाडाची जात शेऱ्यात लिहायला विसरू नका, ती बहुतेक जण लिहीत नाहीत.

पडलेला पक्षी, तोडलं जाणारं झाड

काचेच्या मोठ्या खिडक्यांवर आपटून हरियाल आणि पाचू कवडे पडलेले सापडतात. असा पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोकं पाडून, अंधारात आणि शांत जागी ठेवा. दूध, भात, पोळी भरवू नका. अर्ध्या-एक तासात सावरला तर झाडाजवळ सोडा, नाहीतर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरी पाळायचा विचारही नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पकडणं, पाळणं, मारणं हा गुन्हा आहे. गलोल घेऊन फिरणारी पोरं गावाकडे अजून दिसतात. त्यांना रागावण्यापेक्षा एकदा दुर्बीण हातात द्या आणि तो डोळा दाखवा. मी दोघांच्या बाबतीत हे केलं आणि त्यातला एक आता माझ्या वहीतली अर्धी झाडं सांभाळतो.

झाड जायची वेळ येते तेव्हा धावपळ करण्यात अर्थ नसतो, आधी तयारी लागते. शहरात १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे तोडीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्याची नोटीस निघते आणि हरकती मागवल्या जातात. हरकत भावनेने लिहू नका. झाडाची जात, घेर, किती वर्षांपासून नोंदी आहेत, कोणते पक्षी कोणत्या महिन्यात येतात, हे तारखांसह लिहा. तुमची वही तिथे उपयोगी पडते.

सुरुवातीला सांगितलेला तो शिवारातला वड आता नाही. रस्ता रुंद झाला. तोड सुरू झाल्यावर आम्हाला कळलं. मनगटाएवढ्या जाडीच्या काही फांद्या आम्ही उचलून आणल्या. वडाची फांदी लागते, पावसाच्या सुरुवातीला लावली तर बहुतेक लागतेच: पाच-सहा फूट लांबीची, खालचं टोक तिरपं कापून, दीड-दोन फूट खोल, वरच्या टोकाला शेण-माती लिंपून. इमारतीपासून आणि विहिरीपासून निदान चाळीस फूट लांब. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी आणि शेळ्यांपासून काट्यांचं कुंपण. पिंपळासाठी भिंतीच्या फटीत उगवलेलं रोप पावसात अलगद सोडवून आणा. उंबर बियांपासून होतो, पण हळू.

आम्ही लावलेल्या सातांपैकी चार जगल्या. शाळेच्या मागच्या कोपऱ्यातल्या एकीने गेल्या वर्षी पहिल्यांदा फळं धरली, मूठभरच. हरियाल अजून आलेला नाही. तांबट मात्र दोनदा येऊन गेला, दोन्ही तारखा वहीत आहेत.